पंचायतीचा शिक्का, ग्रामसभेचं जंगल : सामूहिक वनहक्काच्या दाव्याचा माझा अनुभव

सामूहिक वनहक्काचा, म्हणजे गावाने राखलेल्या जंगलावरच्या ग्रामसभेच्या हक्काचा, दावा कसा करायचा, हे विचारायला आजूबाजूच्या गावांतले लोक अधूनमधून आमच्याकडे येतात. बहुतेकांना कागदपत्रांची यादी हवी असते. ती मी देते, पण नुसत्या यादीवर कोणाचं काम झालेलं मी अजून पाहिलं नाही. म्हणून आमच्या टोल्याचं (मूळ गावापासून वेगळ्या वस्तीचं) काम ज्या क्रमाने झालं, त्या क्रमाने सगळं लिहिते आहे.

मी गडचिरोली जिल्ह्यातली. आमचा टोला गटग्रामपंचायतीत, म्हणजे अनेक गावांच्या एकाच पंचायतीत, येतो. पंचायतीचं ऑफिस मोठ्या गावात, आणि जंगल सगळ्यात जास्त आमच्या टोल्याला लागून. मी पंचायतीची सदस्य आहे आणि टोल्याच्या वनहक्क समितीची सचिवही. दोन्हीकडे बसत असल्यामुळे एक गोष्ट मला जवळून दिसली. जंगलाच्या कारभारात पंचायतीचं काम कुठे संपतं आणि ग्रामसभेचं कुठे सुरू होतं, हे गावात स्पष्ट नसेल, तर दावा साहेबांच्या टेबलावर पोचायच्या कितीतरी आधी गावातच अडकतो.

आमच्याकडे आधी संयुक्त वनव्यवस्थापन समिती होती. राज्य सरकारने ती पद्धत १९९२ मध्ये आणली. समितीत गावाचे लोक, पण आराखडा वनखात्याचा आणि कागदपत्रंही खात्याच्या माणसाकडे. राखण आम्ही करायची आणि उत्पन्नातला वाटा मिळेल तेवढा घ्यायचा. त्या समितीने काही कामं चांगली केली, हे मी नाकारत नाही. आमच्या बोडीवरची (छोट्या तळ्यावरची) रोपं त्याच काळातली. पण कोणतं झाड ठेवायचं, बांबू कधी तोडायचा, हे ठरवायला गावाला कोणी बसवलं नाही. २००६ चा वनहक्क कायदा इथे वेगळा पडतो. त्याच्या कलम ३(१)(झ) मध्ये, म्हणजे इंग्रजी प्रतीतल्या ‘आय’मध्ये, गाव पिढ्यानपिढ्या जे जंगल वापरत आणि राखत आलं, त्याचं संरक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क मान्य केला आहे. हा हक्क ग्रामसभेचा आहे.

आमच्या जिल्ह्याला ही गोष्ट पुस्तकातून कळली नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना २००९ मध्ये असे हक्क मिळाले, देशातल्या अगदी पहिल्या गावांत त्यांची गणना होते. मेंढ्याला अठराशे हेक्टरवर जंगल मिळालं. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. शेवटी २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. कायदा लागू होऊन तीन वर्षांवर झाली होती तेव्हा. मी त्या वेळी शाळेत होते, पण घरी त्याची चर्चा झालेली मला आठवते. पुढे आमचं काम सुरू झालं तेव्हा आम्ही काही जण मेंढ्याला जाऊन आलो. तिथे आम्हाला एकच सांगणं होतं: आधी अभ्यासगट करा, मग अर्ज. बहुमताने ठराव रेटू नका, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसा. ते ऐकून आमच्यातले काही जण कंटाळले होते. मला मात्र तिथेच पटलं, कारण बहुमताने झालेला ठराव जंगलात कोणी पाळत नाही.

आता पंचायतीबद्दल. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत जे २९ विषय दिले, त्यात सामाजिक वनीकरण आणि गौण वनोपज हेही आहेत. त्यामुळे आमच्या सरपंचांचं म्हणणं असं की जंगलाचा हक्क यायचाच तर पंचायतीच्या नावावर यावा, पंचायत सगळ्या गावांना सांभाळून घेईल. ते मनापासून बोलत होते. मोठ्या गावाला जंगल कमी आहे, त्यांना वाटत होतं की टोले वेगळे झाले तर मोठ्या गावाचा निस्तार, म्हणजे घरवापरासाठी जंगलातून सरपण-गवत आणणं, बंद होईल. ही भीती खोटी नव्हती, म्हणून तिला उत्तर देणं भाग होतं. पेसा, म्हणजे अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा, १९९६ चा, आणि त्याचे आपल्या राज्यातले नियम २०१४ चे. अनुसूचित क्षेत्रात जी वस्ती किंवा टोला आपला कारभार आपल्या चालीरीतीने चालवतो, तो स्वतः गाव ठरू शकतो आणि त्याची ग्रामसभा वेगळी असते. वनहक्क कायद्यानेही गावाची हीच व्याख्या घेतली आहे. म्हणजे पंचायत गटाची असली तरी ग्रामसभा टोल्याची.

पण वनहक्क कायद्याच्या नियमांत आणखी एक वाक्य आहे, जे मला सर्वांत उपयोगी पडलं. वनहक्क समिती निवडण्यासाठी ग्रामसभा बोलावण्याचं काम ग्रामपंचायतीचं आहे. मी पंचायतीच्या मासिक सभेत ते वाचून दाखवलं. सरपंचांना म्हटलं, “भाऊ, सुरुवात तुमच्या सहीनेच होते. बोलवायचं पंचायतीने, ठरवायचं ग्रामसभेने.” त्यांना मान वाटला, आणि तो मान खरा होता. ग्रामसेवकांनी नोटीस काढली, कोतवालाने टोल्यात दवंडी दिली, नोटिशीची एक प्रत समाजमंदिराच्या भिंतीवर लागली. तिथून पुढे सरपंच आमच्या विरोधात कधी गेले नाहीत. निस्ताराच्या भीतीला आम्ही ठरावातच उत्तर दिलं: मोठ्या गावातले लोक घरच्या वापरासाठी जे आजवर नेत आले ते नेतील, विकायला मात्र नेणार नाहीत.

ग्रामसभेची गणपूर्ती हा किरकोळ वाटणारा पण फार मोठा विषय आहे. नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार सभेला किमान निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. समिती दहा ते पंधरा जणांची, त्यात दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि एक तृतीयांश महिला. आमची पहिली सभा धानाच्या रोवणीच्या दिवसांत ठेवली गेली आणि माणसंच आली नाहीत. पुढची सभा रात्री जेवणं झाल्यावर घेतली, तेव्हा बाया मुलांना घेऊन आल्या आणि शेवटपर्यंत बसल्या. सभेची वेळ बायांना विचारून ठरवा, एवढंच मी सांगेन. सरपण, मोह, डिंक, भाजी, सगळ्याची खडान्‌खडा माहिती त्यांच्याकडे असते, आणि त्या गप्प बसल्या तर दाव्यातली निम्मी माहिती कागदावर येतच नाही.

टोल्यासाठी प्रोसिडिंगचं वेगळं रजिस्टर ठेवा. पंचायतीच्या रजिस्टरमध्ये टोल्याचा ठराव घुसवू नका. सह्या आणि अंगठे ठरावाच्या खालीच घ्या, सुट्या कागदावर नको. खाली जागा उरली तर तिरकी रेघ मारा. पुढे एका कार्यालयात आम्हाला विचारलं गेलं की या सह्या याच ठरावाच्या कशावरून? तेव्हा ती रेघ दाखवूनच विषय मिटला.

पुराव्यांचं काम मला सगळ्यात जास्त आवडलं. सामूहिक दाव्याला एकाहून अधिक पुरावे लागतात. आमचा भाग पूर्वीच्या मध्यप्रांतातला, त्यामुळे जुन्या बंदोबस्ताची निस्तारपत्रकं आणि वाजिब-उल-अर्ज अशी कागदपत्रं जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात सापडतात. कोणत्या गावाने कुठून सरपण, गवत, बांबू आणायचा, कोणत्या तळ्याचं पाणी कोणाचं, ते त्यात लिहिलेलं असतं. आमच्या टोल्याचं नाव त्यात मूळ गावाच्या पोटात आलं होतं. तो कागद मिळवायला अर्ज करावा लागला, वाट पाहावी लागली. दुसरा पुरावा म्हाताऱ्या माणसांचे जबाब. नियम सांगतो की वडीलधाऱ्यांचं म्हणणं लिहून घेतलं तर तो पुरावाच आहे. एका आजोबांनी दुपारभर बसून नाले, टेकड्या, देवस्थानं अशी एकामागून एक गोंडी नावं सांगितली. कुठल्या दगडांखाली कोणत्या घरातले पूर्वज आहेत, कोणत्या साली दुष्काळ पडला तेव्हा कोणत्या उतारावरचे कंद खाऊन लोक जगले, तेही सांगितलं. मी लिहीत होते आणि त्यांचा नातू ऐकत होता. त्याला त्यातली अर्धी नावं माहीत नव्हती. दावा मंजूर झाला नसता तरी ती वही माझ्यासाठी मोलाची राहिली असती. जबाब लिहून झाल्यावर तो त्यांना गोंडीत पुन्हा वाचून दाखवला आणि मगच अंगठा घेतला.

नकाशे मात्र सहज मिळाले नाहीत. वनखात्याचा कक्षांचा (जंगलाच्या क्रमांक दिलेल्या तुकड्यांचा) नकाशा, महसूल नकाशा आणि मतदारयादी वनहक्क समितीला पुरवणं हे दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीचं काम आहे, तसं नियम ६ मध्ये लिहिलं आहे. तोंडी मागितलं की उत्तर यायचं, “साहेब दौऱ्यावर आहेत.” मग आम्ही लेखी अर्ज दिला, त्यात नियमाचा क्रमांक घातला आणि पोच घेतली. पंचायतीने आपल्या लेटरहेडवर सोबत पत्र दिलं. त्या पत्राने काम हललं, हे मी आवर्जून लिहिते, कारण टोल्याच्या ग्रामसभेचं पत्र आणि पंचायतीचं पत्र यांना कार्यालयात सारखी वागणूक मिळत नाही. ती मिळायला हवी. पण मिळेपर्यंत पंचायतीने आपलं वजन ग्रामसभेच्या मागे उभं करावं.

शीव फिरण्याचं काम आम्ही होळीनंतर केलं, पानगळ झाल्यावर, म्हणजे लांबवरचं दिसतं. टोल्याचा भूमिया (गावाची पूजा करणारा) पुढे, समितीचे लोक मागे, आणि एका पोराच्या हातात जीपीएसचं ॲप चालू केलेला मोबाइल. प्रत्येक खुणेला थांबायचं, नाव विचारायचं, आकडे वहीत उतरवायचे. ऐनाचं खुणेचं झाड, पडकी बोडी, नाल्याचा संगम, दगडांचा ढीग. मोबाइलची बॅटरी दर वेळी संपायची, म्हणून आकडे लगेच हाताने लिहून घेणं बरं.

उत्तरेच्या अंगाला नाल्यापलीकडे मोहाची जुनी झाडं आहेत. आमच्या टोल्यातली घरं ती पिढ्यानपिढ्या वेचतात. पण शेजारच्या गावाचं म्हणणं, नाला हीच शीव. दोन्ही बाजूंना सोयरीक, त्यामुळे भांडण उघड नव्हतं, पण मनात होतं. अशा वेळी दोन्ही गावांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसून निष्कर्ष लेखी द्यायचा, आणि नाहीच जमलं तर उपविभागीय समितीकडे जायचं, असा नियम आहे. आम्ही त्या झाडांखालीच बसलो. दोन्ही गावांचे भूमिये, जुनी माणसं आणि बाया. तिकडच्या एका आजीने सांगितलं की तिच्या सासूच्या वेळी या उतारावर पूजा आमच्या टोल्याचा भूमिया करायचा. पूजा ज्याची, शीव त्याची, हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. शेवटी शीव नाल्याऐवजी टेकडीच्या धारेवर ठरली, आणि नाल्याचं पाणी, गुरांची वाट आणि दोन्ही बाजूंचं सरपण दोन्ही गावांना खुलं राहील असं लिहिलं. दोन्ही ग्रामसभांचे ठराव एकमेकांच्या दाव्याला जोडले. हे काम कुठल्या अधिकाऱ्याने केलं असतं तर कागदावर नाला सरळ रेघेत आला असता आणि भांडण पुढच्या पिढीला गेलं असतं.

पडताळणीची नोटीस आम्ही वनखातं आणि महसूल दोघांना दिली. पटवारी आले. वनखात्याकडून पहिल्या वेळी कोणी आलं नाही, दुसऱ्या वेळी वनरक्षक आले पण म्हणाले, वरून आदेश नाही, सही करणार नाही. नियम १२ क मध्ये, इंग्रजीतल्या ‘१२ ए’मध्ये, स्पष्ट आहे की सूचना मिळाल्यावर दोन्ही खात्यांच्या अधिकाऱ्यांनी हजर राहून सही करायची. आम्ही वाद घातला नाही. ते हजर होते आणि त्यांनी काय कारण सांगितलं, एवढं पंचनाम्यात लिहिलं आणि हजर असलेल्या सगळ्यांनी सह्या केल्या. थोड्या वेळाने त्यांनीही ‘उपस्थित’ असं लिहून सही केली. तो माणूस वाईट नव्हता, त्याला आपली नोकरी दिसत होती.

वनखात्याची तोंडी हरकत आली ती अशी की आमच्या क्षेत्रातला एक कक्ष खात्याच्या कार्य आयोजनेत (कामांच्या आराखड्यात) कूप कटाईला, म्हणजे ठरवलेल्या पट्ट्यातल्या झाडतोडीला, लावलेला आहे, तो सोडा. कायद्याच्या व्याख्येत सामूहिक वनसंपत्तीत राखीव वन, संरक्षित वन, इतकंच काय, अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानही येतं. खात्याची योजना आहे म्हणून क्षेत्र वगळा, असं कुठेच नाही. आम्ही तो कक्ष ठेवला.

ग्रामसभेने दावा मंजूर केला आणि तो उपविभागीय समितीकडे गेला. काही महिन्यांनी परत आला. कारण लिहिलं होतं की संयुक्त वनव्यवस्थापनात गावाकडे जेवढं क्षेत्र होतं तेवढंच मागा, बाकीच्याला आधार नाही. याने टोल्यात निराशा पसरली, काही जण म्हणाले मिळतंय तेवढं घेऊ. आमच्या अभ्यासगटाने पुन्हा नियम काढले. पारंपरिक वापराचं क्षेत्र आणि वनखात्याने कधीकाळी राखणीला दिलेलं क्षेत्र यांचा कायद्यात काही संबंध नाही. वैयक्तिक दाव्याला चार हेक्टरची मर्यादा आहे, सामूहिक दाव्याला नाही, आणि ही गल्लत अजूनही कार्यालयांत होते. दावा अपुरा वाटला तर तो ग्रामसभेकडे फेरविचारासाठी पाठवायचा, समितीने स्वतःच कापाकापी करायची नाही. म्हणजे परत आलेला दावा हा नकार नव्हता, फेरविचाराची संधी होती. ग्रामसभेने फेरविचार केला, कारणं लिहिली, आजोबांचा जबाब, निस्तारपत्रक आणि शेजारगावचा ठराव पुन्हा जोडला, आणि तेवढंच क्षेत्र कायम ठेवून दावा परत पाठवला.

इथे पंचायत राज व्यवस्थेचा आणखी एक धागा उपयोगी पडला. उपविभागीय आणि जिल्हास्तरीय या दोन्ही समित्यांवर अधिकाऱ्यांसोबत निवडून आलेले पंचायत सदस्य असतात. जिल्हास्तरावर अध्यक्ष जिल्हाधिकारी, सोबत उपवनसंरक्षक, आदिवासी विभागाचे अधिकारी आणि जिल्हा परिषदेचे सदस्य. फार थोड्या गावांना हे माहीत असतं, आणि कित्येक सदस्यांनाही आपण त्या समितीवर आहोत म्हणजे नेमकं काय करायचं ते कोणी सांगितलेलं नसतं. आम्ही आमच्या भागातल्या सदस्याकडे दाव्याची पूर्ण प्रत घेऊन गेलो आणि नकाशा समोर पसरून समजावलं. बैठकीत त्यांनी विषय लावून धरला. मंजुरी जिल्हास्तरावर झाली. हक्कपत्र हाती आलं तेव्हा त्यात एका कक्षाचा क्रमांक सुटलेला होता. त्याच्या दुरुस्तीचा अर्ज दिला आहे.

पुढे काय, हे कोणी फारसं सांगत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. पहिला उन्हाळा तेंदूचा, म्हणजे विडीच्या पानांचा. आधी लिलाव वनखात्याकडून व्हायचा. आता ग्रामसभा लिलावाचं काम खात्यावर सोपवू शकते किंवा स्वतः करू शकते. आम्ही आजूबाजूच्या ग्रामसभांसोबत मिळून स्वतः केला. त्यासाठी ग्रामसभेच्या नावाने बँक खातं आणि पॅन कार्ड हवं. बँकेत आम्हाला सरपंचांची सही मागितली गेली, कारण ग्रामसभा नावाचा खातेदार त्यांनी पाहिला नव्हता. आम्ही हक्कपत्र, ठराव आणि नियमांची प्रत दिली आणि खातं समितीच्या सह्यांनी उघडलं. सही करणाऱ्यांत एक बाई असलीच पाहिजे, असा ठराव आमच्या ग्रामसभेने केला.

तेंदूचा हंगाम ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: पहाटे अंधारात घर सोडायचं, ऊन चढायच्या आत पानं तोडून परतायचं, दुपारी ओसरीत बसून अख्खं घर सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधतं, आणि संध्याकाळी ते फळीवर (पानं गोळा करायच्या जागी) नेऊन मोजून द्यायचे. हजार पुड्यांची एक स्टँडर्ड बॅग. मजुरी शेकड्यावर. पूर्वी फळीवरचा मुन्शी ठेकेदाराचा असायचा, आणि शेकड्यामागे दोन-चार पुडे ‘खराब’ म्हणून जास्तीचे घेतले जायचे. आता मोजणीला ग्रामसभेचा माणूस बसतो आणि प्रत्येक घराच्या कार्डावर रोजचा आकडा लिहिला जातो. टोल्यातल्या लोकांना हक्क मिळाला म्हणजे काय, ते हक्कपत्रापेक्षा या कार्डाने जास्त कळलं.

पैसा आला तसा पंचायतीशी पुन्हा प्रश्न उभा राहिला. काही सदस्यांचं म्हणणं, रॉयल्टी पंचायतीच्या खात्यात यावी आणि मग गावांना वाटली जावी. मी स्वतः पंचायतीची सदस्य असूनही याला विरोध केला. जे जंगल राखतात, त्यांच्या हातात निर्णय असेल तरच ते राखतील. पैसा पंचायतीत गेला की तो इतर कामांत मिसळतो, आणि वणवा विझवायला कोणी धावत नाही. सरपंचांनी शेवटी ग्रामसभेची बाजू घेतली. ग्रामसभेनेही हात आखडता घेतला नाही. मोठ्या गावातल्या नळयोजनेच्या दुरुस्तीला टोल्याच्या कोषातून रक्कम दिली, कारण त्या टाकीचं पाणी आम्हीही पितो.

व्यवस्थापनाचा सगळ्यात अवघड ठराव वणव्याचा होता. मोह वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळायची आमच्याकडे सवय. तेंदूला नवी पानं चांगली फुटतात म्हणूनही आग लावली जाते. ती आग पसरते आणि ऐन, बीजा आणि चार (चारोळीचं झाड) यांची रोपं जळतात. बाहेरच्या कोणी सांगितलं असतं तर लोकांनी मान डोलावून पुन्हा काडी लावली असती. ग्रामसभेत मात्र म्हाताऱ्या बायांनीच सांगितलं की चारोळी आता पूर्वीसारखी मिळत नाही, आणि का मिळत नाही ते त्यांना माहीत आहे. ठरलं असं: पाला झाडून गोळा करायचा, जाळायचा नाही, आणि ज्या घरांना जमत नाही त्यांना ग्रामसभेच्या पैशातून झाडाखाली अंथरायच्या हिरव्या जाळ्या. जाळीवर पडलेला मोह मातीविना मिळतो आणि त्याला भावही बरा येतो, म्हणून ठराव टिकला. उन्हाळ्याच्या आधी जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे) आम्ही स्वतः साफ करतो आणि राखणीच्या पाळ्या घरटी लावल्या आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर आग आणि फांद्यांची तोड टाळण्यासाठी तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं, बांबूवर भर दिला. आमच्याकडे तेवढा बांबू नाही, तेंदू सोडला तर घरं चालणार नाहीत. प्रत्येक ग्रामसभेचं गणित तिच्या जंगलावर अवलंबून, म्हणून वरून सगळ्यांना एकच आराखडा देणं चूक आहे असं मला ठामपणे वाटतं.

पंचायतीची गरज संपली, असं मात्र कोणी समजू नये. रोहयोची कामं, बोडीचं खोलीकरण, जुन्या बांधांची दुरुस्ती यांना तांत्रिक मंजुरी, हजेरीपट, मोजमाप लागतं, आणि त्यात ग्रामसेवक आणि रोजगार सेवक सोबत असले तर काम दुप्पट वेगाने होतं. कलम ३(२) प्रमाणे अंगणवाडी, शाळा, रस्ता, पाण्याची टाकी अशा सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, हेक्टरी ७५ पर्यंत झाडं तोडता येतात, पण शिफारस ग्रामसभेची हवी. आमच्या टोल्याला जोडरस्ता हवा होता. प्रस्ताव पंचायतीने तयार केला, रस्त्याची रेघ ग्रामसभेने बदलली, कारण मूळ रेघेत मोहाची फळणारी झाडं जात होती. रस्ता थोडा लांब पडला, झाला मात्र लोकांच्या मनासारखा. पंचायत आणि ग्रामसभा दोघी आपापलं काम करत असल्या की काय होतं, ते मला त्या रस्त्याच्या फाइलवर दिसलं.

सध्या दोन कामं हातात आहेत. सुटलेल्या कक्षाच्या दुरुस्तीसाठी जिल्हास्तरीय समितीला स्मरणपत्र दिलं आहे, त्याला पंचायतीचा आणि शेजारगावचा ठराव जोडला आहे. आणि आमच्या पंचायतीतल्या दुसऱ्या टोल्याची वनहक्क समिती गेल्या महिन्यात निवडली गेली. त्यांना निस्तारपत्रक आमच्याच मूळ गावाचं लागेल, त्यामुळे ती नक्कल आम्ही देतो आहोत. नकाशाचा अर्ज मात्र त्यांनी स्वतःच्या ग्रामसभेच्या नावाने, नियमाचा क्रमांक घालून, आजच द्यावा, कारण शीव फिरायला पानगळ लागते आणि त्याआधी नकाशा हातात हवा.